हिरवं पाकीट आणि अकरा सेकंद

तिंग-फूच्या यंत्रावरचं खाऊचं पाकीट मीच खाल्लं, हे आधीच कबूल करते.

ल्याओ तिंग-फू आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. सत्तेचाळीस वर्षांचा, एकटा, शर्टाचं बटण नेहमी एक घर चुकलेलं. तैवानच्या या संगणकवाल्या शिंचू शहरात पोरंसोरं तिशीत साहेब होतात. हा सतरा वर्षं त्याच खुर्चीत. वरची खोली पत्र्याखाली तापायची, म्हणून चाचणीचं यंत्र त्यानं माझ्या मागच्या खोलीत, माझ्या नाटकमंडळीच्या जुन्या मुकुटांच्या पेट्यांशेजारी मांडलं. त्यावर नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. यंत्रानं शहाण्यासारखं चालावं म्हणून आमच्याकडे ते त्यावर ठेवतातच.

“दिवसभर करतोस तरी काय रे, आ-फू?” मी विचारलं.

“कुलपं सुधारतो, आ-मा.”

“या वयात किल्लीवाला झालास?”

तो हसला. आ-मा म्हणजे आजी; आजीनं केलेली थट्टा त्याला चालायची. “संगणकाच्या पोटात, अगदी तळाशी एक कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात, फौजेतला नव्हे. शेकडो कामं त्याच्याकडे धावतात, पण काही वस्तू एका वेळी एकालाच हाताळता येतात. ज्याला कुलूप मिळालं त्याचं काम चालतं. बाकीचे थांबतात.”

“म्हणजे आमचा मुकुट! सेनापती पाच, मुकुट एक. पहिला रंगमंचावरून आत आला की दुसऱ्यानं चढवायचा.”

“अगदी तेच. थांबलेले झोपी जातात, आणि त्यांना उठवण्यात वेळ जातो. मी म्हटलं, तेवढ्यात दारात जो जागा असेल त्यानं घेऊन टाकावं. मुकुट क्षणभरही रिकामा राहत नाही. एकतीस टक्के वेग वाढला, आ-मा!”

ही सुधारणा शुक्रवारी जगभरच्या जाणकारांकडे जायची होती. त्यांनी घेतली तर कर्नलमध्ये नाव लागणार होतं, आणि तेही साहेबाचं नव्हे, ल्याओ तिंग-फूचं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

बुधवारी दुपारी मला भूक लागली. काय तो कुरकुरीतपणा! रिकामं पाकीट फुगवून जागेवर ठेवलं. पुठ्ठ्याच्या राजवाड्यांत आयुष्य काढलेल्या बाईला ते काय अवघड?

गुरुवारी सकाळी तिंग-फू पडद्यासमोर पांढराफटक उभा. “एक काम अकरा सेकंद अडकलंय. यंत्राच्या लेखी म्हणजे जन्म गेला.”

मी गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसले. “मार मला! तुझं पाकीट मी खाल्लं!”

“काय?”

“शिळं होईल वाटलं रे.”

त्यानं पाकीट उचललं, दाबलं. फुस्स झालं आणि त्याला हसू फुटलं. मग त्यानं जुन्या नोंदी उघडल्या. पाकीट भरलेलं होतं त्या दिवशीही अकरा सेकंद. त्याआधी नऊ.

“तुझा दोष नाही, आ-मा. मी नुसती सरासरी बघत होतो. झोपलेला उठतो, तोवर जाग्यानं मुकुट पळवलेला. बिचारा परत झोपतो. पुन्हा उठतो, पुन्हा तेच.”

साहेबाचा फोन आला. “सरासरी झकास आहे ना? मग पाठव की. ते अकरा सेकंद कोण बघतंय?”

तिंग-फूनं माझ्याकडे पाहिलं. नायकाचे सगळे संवाद पाठ करून मी सहा वर्षं विंगेत पाळीची वाट बघत उभी होते. माझं मत काय असणार, हे विचारायला हवं का?

“जो थांबलाय तो बघतोय, साहेब,” म्हणत त्यानं फोन ठेवला.

शुक्रवार गेला. साहेब बोलेनासा झाला. नऊ दिवसांनी तिंग-फूनं नवी तऱ्हा बसवली: फार वेळ थांबलेल्यानं कुलपावर खूण करायची, मग कुलूप थेट त्याच्याच हातात, मध्ये कुणी घुसायचं नाही. एकतीसचे एकोणीस टक्के झाले. अकरा सेकंदांचं मात्र पापणी लवण्याइतकंही उरलं नाही.

त्यानं तेच पाठवलं. तीन आठवड्यांनी दूरदेशीच्या एका जाणकाराची विचारणा आली: आधीच्या चाचणीतला एवढा वेग का सोडलात?

तिंग-फूनं दोन्ही तक्ते जोडले आणि उत्तर मला वाचून दाखवलं: “शेवटच्याचीही पाळी यावी म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सुधारणा स्वीकारली गेली. हजारो नावांत एक बारीक नाव लागलं. मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं.

संध्याकाळी त्यानं दोन हिरवी पाकिटं आणली. एक यंत्रावर ठेवलं. दुसरं माझ्या हातात दिलं. त्यावर जाड शाईनं लिहिलं होतं: ‘हे खायचं.’