झाडातली बाई

शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

काल सहावीच्या वर्गात सांगितलं की जुने ग्रीक लोक मानायचे, झाडात एक बाई राहते. झाड तोडलं की तीही मरते. मुलांनी झाडं जपावीत, एवढंच मनात होतं.

आज एका मुलीचे वडील शाळेत आले. त्यांचं घर बौद्ध.

"मॅडम, भूतखेत आमच्या आज्यानंच सोडलं. पोरगी आता दारातल्या लिंबाखाली जायला भ्यायलीय. तुम्ही कामून परत आणायलाव हे?"

मी माफी मागितली. मुलीला जवळ घेऊन म्हटलं, झाडात कुणी नसतं, ती नुसती गोष्ट होती.

तिचा चेहरा खुलला. "मंग मॅडम, झाड तोडलं तर चालतंय का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?