गाडीच्या छताला फुलं

आई आजारी पडेपर्यंत आपल्या गाडीला आतून छत आहे, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. वर बघायची वेळ येते कुणावर? मागच्या सीटवर आडवं पडून प्रवास करणाऱ्यावर. आमच्या घरात ती आईवर आली.

विरारहून तिला मुंबईच्या इस्पितळात न्यायचं म्हणजे हायवे, आणि हायवे म्हणजे खाडीच्या पुलाअलीकडे हमखास खोळंबा. बाबा गाडी चालवायचे, मी मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. गाडी जुनी, सगळं आयुष्य इथल्या दमट हवेत काढलेली. छताच्या कापडामागचा फोम कुजला होता, गोंद सुटला होता, आणि ते कापड सुटलेल्या पोटासारखं खाली लोंबत होतं. खड्डा आला की पिवळट भुगा आईच्या तोंडावर पडायचा. ती खोकायची. मग मी एक हात वर करून ते कापड धरून ठेवायचे. पूल येईपर्यंत हाताला मुंग्या आलेल्या असायच्या.

बाबांनी उपाय म्हणून टाचण्या टोचल्या. त्यांचं सगळं असंच. नळ गळला तर चिंधी बांधतील, पण प्लंबरला बोलावणार नाहीत. दोन टाचण्यांच्या मधलं कापड पुन्हा लोंबलं आणि एका पोटाची दहा पोटं झाली.

"अहो, बदलून टाका ना ते," आई म्हणाली. "आणि बदलताय तर माझ्या आवडीचं लावा."

तिने मला कपाट उघडायला लावलं. पडद्यांसाठी हौसेनं घेतलेलं कापड होतं, फिकट हिरव्यावर बारीक पांढरी फुलं. तिच्या दुखण्यात ते शिवायचं राहूनच गेलं होतं.

बाबा बघूनच भडकले. "गाडी आहे ती, लग्नाचा मांडव नाही. लोक हसतील."

"लोकांना कुठे दिसतंय? वर बघणारी मी एकटीच."

"तेच म्हणतोय मी. जरा ताकद आली की तू पुढे बसशील, माझ्या शेजारी. मग मागे पडून वर बघणार कोण? कशाला उगाच?"

पुढची सीट आईची. स्वतःला गाडी येत नसताना त्या सीटवरून तिने जन्मभर बाबांना गाडी चालवायला शिकवलं. डावीकडे घ्या, हळू, रिक्षा आहे, हॉर्न द्या. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, असं करवादत बाबा घ्यायचे डावीकडे. तिचं दुखणं सुरू झाल्यापासून त्यांनी ती जागा कुणाला दिली नव्हती. आई गाडीत नसताना कुणी सोबत आलं तरी त्याला मागेच कोंबायचे.

त्यामुळे कापडाचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: तू बसायला लाग, मग बघू. मला संताप यायचा. एकदा स्वयंपाकघरात मी त्यांना चांगलंच सुनावलं. "काय मागितलंय तिने? सोनं मागितलंय? घरात पडलेलं कापड लावा म्हणतेय! तुमच्या हट्टापायी तिच्या तोंडात भुगा जातोय." बाबा कुकर घासत होते, ते घासतच राहिले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी बाहेर आले.

मग एका खेपेला डॉक्टरांनी बाबांना एकट्यांना आत बोलावलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "गोळ्या बदलल्यात." परतीच्या वाटेवर नेहमीप्रमाणे अडकलो, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला शिव्या घातल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कपाटातून कापड काढताना दिसले. मी चाटच पडले. शेजारच्या काकूंना आईपाशी बसवून मीही त्यांच्याबरोबर निघाले. आईला काही सांगायचं नाही, तिला चकित करायचं, हे माझंच डोकं.

कामणच्या रस्त्याला, गोदामांच्या अलीकडे, गाड्यांच्या सीटा शिवणारा एक कुशनवाला आहे. कापड ज्याला चिकटवलेलं असतं तो छताचा अख्खा पुठ्ठा त्याने मागच्या दारातून बाहेर काढला, जुनं कापड ओढून फाडलं आणि ब्रशने सगळा भुगा झाडला. आईचं कापड बघून तो बिचकला. "अंकल, ये तो परदे का है. ग्रे लगाओ ना, कंपनी जैसा."

"हेच लावायचं," बाबा म्हणाले.

त्याने कापडामागे पातळ फोम लावला, गोंद फवारला. बाबा मध्ये घुसून स्वतःच्या तळव्याने कापड सारखं करत होते. "मागे नीट बसव. डोक्यावर येतं ते मागचं." मी एवढी खूश होते की फोटो काढत सुटले. शेवटी माझं ऐकलं, असं मला वाटत होतं.

पुढच्या खेपेला आईला गाडीत झोपवलं. आत नव्या गोंदाचा वास होता, म्हणून मी काच खाली केली. "बघ ना वर! कसं वाटतंय?"

ती बघत राहिली. मला वाटलं होतं हसेल, बाबांना दोन टोमणे मारेल. गाडी हायवेला लागली तरी ती बोलेना.

"अहो," ती अखेर म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले त्या दिवशी?"

"सांगितलं ना, गोळ्या बदलल्यात."

"गोळ्या बदलल्या म्हणून फुलं लावणारे तुम्ही नव्हेत."

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते रडायला लागले, अगदी मोठ्याने, लहान मुलासारखे. पुढची सीट आता रिकामीच राहणार, हे त्यांनी त्या दुकानात उभं राहून कबूल केलं होतं आणि मी शेजारी फोटो काढत होते. मला भडभडून आलं.

आईने पडल्या पडल्याच हात लांब केला. तो बाबांच्या खांद्यापर्यंत पोचला नाही, सीटच्या पाठीवरच राहिला.

"रडू नका," ती म्हणाली. "मला केव्हाचं कळलंय. तुम्हाला कसं सांगू, एवढंच सुचत नव्हतं."