दोनय बाजू खऱ्यो

माझा भाऊ उत्तर जुळायच्या आधीच गेला.

आज वर्ष झालं. मी इथे फारसं लिहीत नाही. पण दादा नेमकं काय काम करायचा, हे बऱ्याच मित्रांनी विचारलं, म्हणून लिहितोय.

दादा फिजिक्समध्ये रिसर्च करायचा. मे महिन्यात मालवणला आला की मी विचारायचो, तो सांगायचा.

एक वाकलेली जागा धर. आत गुरुत्वाकर्षण आहे.
तिच्या कडेवर गुरुत्वाकर्षण नाहीच. तिथे फक्त क्वांटम थिअरी.
तरी दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

"असो अंदाज आसा. सिद्ध कोणी करूक नाय."

मी म्हटलं, "कडेर एक दिशा कमी. मगे आतला सगळा थंय मावता कसा?"

तो एकदम खूश. "ह्योच तर प्रश्न!"

शेवटच्या मे महिन्यात मात्र तो अडकला होता. एकच गणित दोन्ही बाजूंनी सोडवत होता आणि उत्तरं वेगळी येत होती. चूक आपली, की अंदाजच खोटा, हे त्याला कळत नव्हतं.

आई म्हणाली, "काम अडला मां? देवाक गाऱ्हाणा घालूया."

आमच्या देवळात गाऱ्हाणी, म्हणजे सगळ्यांसमोर देवाला घातलेली साकडी, गावचे आबा घालतात. जास्त करून कोर्टकेसचीच. त्यांनी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्येची गुरुत्वाकर्षणाची बाजू वर कर, समोरच्याक आडवो कर..."

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले.

गाऱ्हाण्यात मध्येच कोणी बोलत नाही. दादा बोलला.

"आबा, थांबा. कोणाक हरवूचा नाय. दोनय बाजू खऱ्यो ठरूक होयत."

"दोनय? मगे झगडो कसलो रे?"

"झगडो नायच. उत्तर जुळणा नाय, इतक्याच."

"मेल्या, आधी सांगूचा मां! देवाक कित्याक तरास?"

दादा त्या दिवशी खूप हसला.

गेल्या आठवड्यात त्याच्या सहकाऱ्याचा फोन आला. ते काम पुढे चालू आहे. चूक सापडलेली नाही. अंदाजही खोटा ठरलेला नाही.

आज सकाळी देवळात गेलो. आबांनी विचारलं, "जुळला रे?"

"नाय अजून."

त्यांनी नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, दोनय बाजू खऱ्यो कर. आणि कशो, ता ह्या धाकट्याक समजूंदे."

देवळात आम्ही दोघंच. व्हय म्हणायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

म्हटलं. मोठ्याने.

दादा, तुका नमस्कार.
कडेर सगळा मावता कसा, ता मी अजून विचारतंय.