चौदा कमानींचं माप

चौदा कमानींच्या त्या जुन्या दगडी बाजारात आठव्या कमानीखाली जी शिंपीण बसायची, तिला सगळे मापवाली म्हणत. एकतीस वर्षं तिने एकच नियम पाळला होता : माप मी घेणार. गिऱ्हाईक जुना सदरा आणून “अगदी असाच शिवा” म्हणो किंवा आकडे लिहिलेली चिठ्ठी पुढे करो, ती गळ्यातली टेप काढायची आणि म्हणायची, “हात वर करा.” चिठ्ठी न वाचताच परत.

“अहो बाई, डॉक्टरसुद्धा दुसऱ्याचा रिपोर्ट बघतात,” एकदा एकजण वैतागून म्हणाला.

“म्हणून तर माणसं दगावतात. हात वर.”

गिऱ्हाइकाने आणलेलं कापडही ती आधी मोजायची आणि दर वेळी ते बोटभर कमी भरायचं. “दुकानदाराने मारलं तुमचं कापड,” असं सांगून तिने किती माणसांना कापडवाल्यांशी भांडायला पाठवलं असेल, याची गणती नव्हती.

हा संशय काही तिच्या जन्मापासूनचा नव्हता. नवरा गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तेराव्या दिवशी धाकटा दीर एक कागद घेऊन आला. “वहिनी, बँकेचं काम आहे, इथे सही करा.” तिने केली. महिन्याभरात राहत्या दोन खोल्या त्याच्या नावावर होत्या. ही बाई बी.ए. झालेली होती, तिला वाचता येत होतं; न वाचता सही केली, एवढंच. तेव्हापासून ती दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचायची. शाळेची सहल निघाली की बसचा नंबर हातावर लिहून घ्यायची. मुलगी कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी “पोचलीस का?” हा फोन सुटला नाही. मुलगी कधी हसायची, कधी चिडायची, पण उत्तर द्यायची.

अशा बाईच्या मुलीने नेमकं दुसऱ्यांवर विश्वास ठेवायचं काम पत्करलं. शहरातल्या जुन्या इमारती जपणारा एक गट होता, त्यात ती शिरली. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी इमारती मोजायची, त्यांचे नकाशे काढायची, म्हाताऱ्या माणसांकडून माहिती लिहून घ्यायची. त्यांचा म्होरक्या म्हणजे चपला फरफटत चालणारा एक किडकिडीत आर्किटेक्ट. बाजारात त्याला नकाशेवाला असं नाव पडलं.

“काय घेतो तो या कामाचं?” मापवालीने विचारलं.

“काही नाही, आई. आम्ही कोणीच काही घेत नाही.”

“काही घेत नाही?” तिने सुई तोंडातून काढली. “मग जास्तच लक्ष ठेवायला हवं.”

कामाला निमित्तही तसंच होतं. कमानींचा बाजार मोडकळीला आलाय, तो पाडून पाच मजली इमारत बांधायची, अशी नोटीस नगरपालिकेने लावली होती. बाजार जतन यादीत गेला तर पाडता येणार नव्हता. त्यासाठी चौदापैकी दहा दुकानदारांच्या सह्या शुक्रवारी पाचच्या आत कचेरीत पोचायला हव्या होत्या. तिघांना नव्या इमारतीतला गाळा हवा होता. ते सही करणार नव्हते. म्हणजे उरले अकरा.

मापवालीला बाजार हवा होता. तिच्या कमानीत दिवसभर उजेड एकसारखा राहायचा, ऊन म्हणून आत यायचं नाही. काळ्या कापडावर काळा दोरा तिला साठीकडे झुकल्यावरही दिसायचा तो त्या उजेडामुळे. ट्यूबलाइटखालच्या गाळ्यात आपण वर्षभरात आंधळ्या होऊ आणि मुलीच्या गळ्यात पडू, अशी तिला धास्ती होती. पण हवं असणं वेगळं आणि सही करणं वेगळं.

“बाईंनी सही केली की आमची झालीच म्हणून समजा,” असं बाकीच्यांनी मुलीला सांगून टाकलं होतं. मापवालीने तपासलं म्हणजे आणखी कोणी तपासायची गरज नाही, असा सगळ्यांचा हिशेब.

अर्ज आणि त्याला जोडलेला नकाशा तिने तीन दिवस घरी ठेवला. ओळन् ओळ वाचली. खोट सापडेना. खोट सापडेना तसतशी तिची झोप उडाली. दिराच्या कागदातही तेव्हा तिला काही खोट वाटली नव्हती. शेवटी मंगळवारी सकाळी तिने गळ्यातली टेप काढली आणि स्वतःचं दुकान मोजलं. नकाशात लिहिलं होतं दहा फूट सहा इंच. टेपवर भरलं दहा फूट दोन.

तिने पुन्हा मोजलं. दहा फूट दोन.

शेजारच्या नवव्या कमानीत घड्याळवाला बसायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेला, सत्तरीचा, मितभाषी माणूस. “दादा, जरा पाय वर घ्या,” म्हणत तिने त्याचंही दुकान मोजलं. तिथेही तेच : नकाशात दहा फूट सहा, टेपवर दहा फूट दोन.

“म्हणजे काय?” त्याने भिंग काढलं.

“म्हणजे हा कागद आपल्या बाजाराचा नाही. कुठला तरी नकाशा आणून जोडलाय. आणि त्याच्याखाली आपल्या सह्या.”

संध्याकाळी सगळे कमानींखाली जमले. नकाशेवाला बोलायला उभा राहिला तेवढ्यात मापवाली पुढे झाली आणि तिने दोन्ही दुकानांची मापं सगळ्यांना ऐकवली. एकदम गलका झाला.

“आत्ता तुमच्यासमोर मोजू या ना,” नकाशेवाला म्हणाला आणि त्याने पिशवीतून स्टीलची टेप काढली.

“टेप तुमची, नकाशा तुमचा. मग जुळणारच की!” मापवाली म्हणाली.

लोक हसले. कुलूपवाला म्हणाला, “साहेब, या बाईंनी आमच्या पोटाचा घेर कधी चुकवला नाही. कमान काय चुकवणार?”

मग मुलगी बोलली. “आई, ते माप मी घेतलंय.”

मापवाली तिच्याकडे वळली. “तुला नाही म्हणत मी. तुझ्या हातात टेप कोणी दिली, ते बघ.”

“म्हणजे मी एकतर चोर, नाहीतर बावळट. काय ते तूच ठरव.” मुलगी पिशवी उचलून निघून गेली. मागोमाग माणसं पांगली. अर्ज कोराच राहिला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही “पोचलीस का?” या फोनला उत्तर आलं नाही. मुलगी घरी यायची, जेवायची, ताट धुवायची आणि पाठ करून झोपायची. मापवालीला वाटत होतं, पोर भोळी आहे, आज रुसली तरी उद्या आपले पाय धरेल.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाई दुकानात आल्या. मुलीच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शाळा सुटल्यावर मापवालीचं दुकान बंद होईपर्यंत त्यांनी कित्येक वर्षं पोरीला आपल्या घरी बसवून घेतलं होतं. म्हणून एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मापवालीने नियम मोडला होता. मोठ्या बाईंची भाची परगावी असायची. तिने फोनवर कळवलेले आकडे चिठ्ठीवर उतरवून मापवालीने तिचा कोट शिवला. आता भाची स्वतः आली होती, आणि कोट तिच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता. बाही पाऊण इंच लांब, छाती ढगळ.

“माप कोणी घेतलं होतं?” मापवालीने विचारलं.

“तिकडच्या शिंप्याने.”

“तरीच! हात वर करा.” तिने टेप लावली. छाती कळवली होती छत्तीस, निघाली पस्तीस. बाही कळवली होती चोवीस, निघाली सव्वातेवीस. प्रत्येक आकडा चिठ्ठीपेक्षा कमी.

भाची खुशीत हसली. “कागदावर मी जाड आणि तुमच्या टेपवर बारीक! काकू, मला तुमचीच टेप आवडली.”

मोठ्या बाईही हसल्या. मापवाली हसली नाही. कागदावर जास्त, टेपवर कमी. हे तिने दोन दिवसांपूर्वी भर बाजारात ओरडून सांगितलं होतं.

दोघी गेल्यावर तिने खणातून चेनचं नवं पाकीट काढलं. पाकिटावर लिहिलं होतं आठ इंच. टेपवर भरली पावणेआठ. ‘चेनवालेही चोर,’ हे पहिलं मनात आलं. मग तिने मुलीची शाळेतली फूटपट्टी शोधून काढली आणि टेपशेजारी ठेवली. फूटपट्टीचे बारा इंच टेपवर साडेअकराच्या थोडे पुढे संपत होते. आता फूटपट्टीवालाही चोर म्हणावा, तर जगात साव एकटी तिची टेप उरत होती.

कापडी टेप. एकतीस वर्षं गळ्यात वागवलेली, हजारो कमरांभोवती आवळलेली, घामाने भिजून वाळलेली. ताणून ताणून लांबली होती, म्हणून प्रत्येक आकडा कमी दाखवत होती. इतक्या वर्षांत कळलं नाही, कारण माणूस त्याच टेपने मोजायचा, कापड त्याच टेपने कापायचं. कपडे बसत होते. बाहेरचा आकडा आत येऊ द्यायचा नाही, हाच तर नियम होता!

आणि कापडवाले? आयुष्यभर ज्यांच्या नावाने खडे फोडले ते कापडवाले? ती स्टुलावर बसली.

टेप खणात टाकून गप्प बसता आलं असतं. मान हलवून सही केली असती तर कोणी कारणही विचारलं नसतं कदाचित. संध्याकाळी मुलगी जेवायला बसली तेव्हा तिने पट्टी आणि टेप ताटाशेजारी मांडली आणि एका दमात सगळं सांगितलं.

मुलीने पट्टी टेपवर ठेवून पाहिली. “हे मला कशाला सांगतेस? बाजाराला सांग.”

शुक्रवारी सकाळी मुलीची स्टीलची टेप आणि अर्ज घेऊन मापवाली पहिल्या कमानीपासून निघाली. प्रत्येक दुकानात तेच : माझी टेप चुकली, नकाशा बरोबर आहे, हवं तर आत्ता मोजून दाखवते. कुलूपवाला पोट धरून हसला. “म्हणजे माझी कंबर छत्तीस नाही? बाई, हे घरी सांगू नका!” त्याने सही केली. पुस्तकं बांधणाऱ्याने तीनदा मोजायला लावलं, मग केली. एक तर सरळ म्हणाला, “मंगळवारी एक बोलता, शुक्रवारी दुसरं. मला यात पडायचंच नाही,” आणि त्याने पाठ फिरवली. हातापाया पडत, हसं करून घेत साडेतीनला तिच्या स्वतःच्या सहीसकट नऊ सह्या झाल्या. राहिला घड्याळवाला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. भिंग कपाळावर सरकवलं.

“मधल्या दोन दिवसांत तुमचं मन वळवायला कोण कोण आलं होतं?”

“कोणी नाही, दादा.”

“मोठ्या बाई आल्या होत्या. मी पाहिलं. त्यांच्याबरोबर परगावची एक बाई होती.”

“ती कोटासाठी आली होती हो!”

“असेल. मंगळवारी नकाशा खोटा होता, आज टेप खोटी झाली. उद्या काय खोटं होईल कोण जाणे.” तो शांतपणे बोलत होता. मापवालीला राग येईना. यातला शब्द न् शब्द तिचाच होता.

तिने स्टीलची टेप पुढे केली.

“ही त्यांचीच ना?” तो म्हणाला.

पावणेचार झाले होते. “दादा, तुमच्याकडे मोजायला काय आहे?”

त्याने खणातून पितळेची एक पट्टी काढली. सहा इंची, घड्याळांचे बारीक भाग मोजायची, अक्षरं झिजलेली. “ही माझ्या वडलांची. हिच्यावर माझा विश्वास आहे.”

“मग हिनेच मोजू.”

साठीची शिंपीण आणि सत्तरीचा घड्याळवाला गुडघ्यांवर बसून सहा-सहा इंचांनी दुकान मोजू लागले. तो पट्टी ठेवायचा, ती खडूने रेघ मारायची, दोघं मोठ्याने आकडा म्हणायचे. चौदाव्या रेघेला तो थांबला. “तुम्ही तेरा दोनदा म्हणालात.”

“नाही हो म्हणाले!”

“पुन्हा पहिल्यापासून.”

तिने ओल्या फडक्याने रेघा पुसल्या. बाहेर बघे जमले होते. “बाई, यापेक्षा इमारत पाडलेली लवकर होईल,” कुलूपवाला ओरडला. सव्वाचारला पट्टी समोरच्या भिंतीशी पोचली. एकविसाव्या वेळी. एकवीस सक एकशे सव्वीस, हे सांगायला कोणाला पट्टी लागत नव्हती : दहा फूट सहा इंच, वर बोटभर फट.

“ही फट कसली?” घड्याळवाल्याने विचारलं.

“गिलावा उडालाय. बघा ना, इथे हात लावून.”

त्याने हात लावून बघितलं. मग उठून गुडघे झटकले, अर्ज भिंगाखाली धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. सहीखाली तारीख घातली, तारखेखाली वेळ. “एक प्रत मला पाहिजे,” तो म्हणाला. “उद्या सकाळी. विसरायचं नाही.”

मुलगी ऑफिसातून लवकर निघून कमानीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. दोघी जवळजवळ पळतच कचेरीत पोचल्या. पाचला दहा कमी होते. खिडकीतल्या कारकुनाने हात पुढे केला. मापवालीने अर्ज पिशवीतून काढून मुलीकडे दिला.

मुलीने तो लगेच खिडकीत सरकवला नाही. फळीवर ठेवला आणि पहिल्या सहीवर बोट टेकवलं.

“मी मोजल्यात, बाळा. दहा आहेत.”

“माहीत आहे,” मुलगी म्हणाली आणि मोजत राहिली. एका-एका नावावर थांबून, ओठ हलवत. कारकून शिक्का हातात धरून ताटकळला होता. मापवाली बाजूला सरकून उभी राहिली आणि मुलीचं बोट खाली उतरताना बघत राहिली.

“दहा,” मुलगी म्हणाली आणि तिने अर्ज आत सरकवला.