कौसाची कृती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते अळूच्या पानांच्या शिरा काढायचं. दुपारची वेळ. मागच्या दारात माझी बायको कौसा पाटावर, मी स्टुलावर. मी पान द्यायचो, ती बेसन फासायची. एक पान माझ्या हातून फाटलं, तर म्हणाली, "रेल्वेत रूळ बी असंच धरत व्हता का?" घाटात गँगमन म्हणून जन्म गेला माझा, पण कौसाच्या हाताखाली मी कायम नवशिकाच.

तिला जाऊन महिना होत आला. रडगाणं मला जमत नाही, आणि तिला ते खपलंही नसतं. म्हणून तिनं केलेला घोटाळाच सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून रिक्षा फिरली, भोंगा लावून. "शहराचा हवामान कृती आराखडा... नागरिकांनी आपापल्या कृती सुचवाव्यात..." भोंगा खरखरत होता. टीव्हीवर बायका रोज 'साहित्य आणि कृती' सांगतात, ते कौसा न चुकता बघायची. झालं! रांधायची स्पर्धा आहे असं धरून बसली.

मी म्हटलं, "अगं, ते हवामानाचं कायतरी हाय."

"मंग? पावसाळ्यात काय खावं ते इचारत असतील. तुमी गप बसा."

अळूवड्यांचा डबा घेऊन आम्ही नगरपरिषदेच्या सभागृहात गेलो. लोणावळ्यातले बंगलेवाले, हॉटेलवाले, वकील, सगळे आलेले. कोणी म्हणालं झाडं लावा, कोणी म्हणालं विजेवरच्या बस आणा. हिची पाळी आली. हिनं डबा उघडला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "साहित्य. अळूची पानं बारा, बेसन दोन वाट्या, चिंचेचा कोळ..." सभागृह हसून लोटपोट. मी आपल्या चपलांकडं बघत बसलो.

बैठक घेणारी मॅडम तरुण, पुण्याकडची. तीही हसली, पण मग तिनं विचारलं, "मावशी, एवढी पानं कुठून आणता?"

"घरामागच्या ओढ्यावरनं. पर आता चारच गड्डे ऱ्हायलेत. वरच्या बंगल्याचा राडारोडा वड्यात येतोय. वडा बुजला, आन् पाणी माझ्या चुलीत."

मॅडमनं पडद्यावरच्या नकाशात शोधलं. नकाशा म्हणे आभाळातून बघून काढलेला. झाडीखालचा ओढा वरून दिसणार कसा? आमच्या घरामागं नुसती कोरी जागा. कौसा उठली, पडद्यापाशी गेली, तिथं बोट टेकवलं. "हितं हाय. रोज कपडं धुते मी त्यात, आन् तुमी म्हंता न्हाईच?"

मग मात्र कोणी हसलं नाही.

त्यानंतर एक बैठक तिनं चुकवली नाही. चहा यायच्या आत डबा रिकामा व्हायचा. तो वरचा बंगलेवालाही हात पुढं करायचा. ही त्याला म्हणायची, "खा की सायेब. तुमच्या मातीतनं वाचलेली पानं हायती." तरी तो खायचा. चवच तशी होती.

पुढं मसुदा आला, पण ओढा काही त्यात नव्हता. मॅडमनं समजावलं, "मावशी, तोंडी सांगितलेलं टिकत नाही. तुमच्या नावानं लेखी अर्ज द्या, मग ओढा मोजायला माणसं पाठवता येतील. उद्या शेवटचा दिवस आहे."

म्हणून त्या दुपारी वड्यांबरोबर अर्जही चालला होता. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही.

"लिवा. साहित्य. एक वडा, मोकळा."

"अगं, वाचणारा म्हणंल तळायचा का! आन् अर्जात साहित्य लिवत न्हाईत."

"मंग ओढा लिवा, पर साहित्य ऱ्हाऊ द्या. कृती. वरून माती टाकू नये. पावसाच्या आधी गाळ काढावा. रस्त्याखालची मोरी मोठी करावी. काठाला अळू असू द्यावा."

सगळं लिहिलं. अंगठा दे म्हटलं, तर म्हणाली, "हात बेसनाचा हाय, मागनं देते." आणि मी नीट लिहिलंय का बघायला तिनंच कागद ओढला... वाचता येत नव्हतं, तरी बघायची. खालच्या कोपऱ्यात पिवळा अख्खा अंगठा उमटला. मी ओरडलो. माझं तोंड बघून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "वाळला की झटका!"

चहाबरोबर चार वड्या तळल्या. मी म्हटलं, मीठ कमी पडलंय. खोटं होतं ते, तिला चिडवायला म्हटलं. तेच आमचं शेवटचं बोलणं. पाठ टेकते म्हणून आत गेली, ती उठली नाही. दिवेलागणीला डॉक्टर येऊन गेला...

टेप घेऊन दोन माणसं ओढ्यात उतरली, ते परवा. मला सांगायचंय ते ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळचं. तिला पोचवून लोक घराकडं वळले, मी कचेरीकडं.

आमचा पोरगा म्हणाला, "आबा, आज कुटं निघाला?"

"आजच मुदत हाय."

खिडकीतल्या कारकुनानं माझे ओले कपडे पाहिले. कागद खालीवर केला, नखानं कोपरा खरवडायला गेला. "आबा, सही कुठंय? आणि हा डाग कसला?"

मी त्याचा हात धरला. "खरवडू नगं. अंगठा हाय तिचा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग शिक्का उचलला आणि अंगठ्याला धक्का न लावता, शेजारी जागा बघून, हळूच टेकवला.