टेकडीवरच्या चर्चची पायरी

गेल्या रविवारी सकाळी, उपासनेआधी, आपल्या ट्रेकमधल्या एकाने राहेलमावशींना ढकललं. उजाड माळावरच्या टेकडीवर छोटं चर्च आहे, त्याची झाडलोट मावशी करतात. “बाबा, पायताण बाहेर काढ,” एवढंच त्या म्हणाल्या. तो हसला. “मावशी, हे चर्च आहे, देऊळ नाही.”

“आमचं देऊळच आहे,” म्हणत त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्याने दोन्ही हातांनी धक्का दिला. दगडी पायरीवर त्यांचं डोकं फुटलं.

काल मी पुन्हा वर गेले. निवडुंग, तापलेला खडक आणि पायरीवर काळं पडलेलं रक्त. सहल आखताना मीच तुम्हाला लिहिलं होतं: ‘सोपी चढण, सुंदर देखावा, चर्च असल्याने बूट काढायची कटकट नाही.’ दुसऱ्याच्या देवाचे नियम आपण न विचारताच ठरवून टाकतो, आणि कोणी अडवलं की हात उचलतो.

मावशी अजून शुद्धीवर नाहीत. पोलीस चौकीत तुम्ही सगळे म्हणालात, “आम्ही फोटो काढत होतो, काही पाहिलं नाही.” खोटं बोललात; तुम्ही दारापाशीच उभे होतात. मी त्याचं नाव लिहून दिलंय, पण माझी एकटीचीच साक्ष असेल तर तो सुटेल. उद्या सकाळी चौकीत या आणि त्याचं नाव सांगा.