बाबांची गाठ आणि आत्याचं कोंबडं

आधी दुरुस्ती. काल मी इथे बाबांना कॅन्सर झाल्याचं लिहिलं, ते चुकलं. डॉक्टर फक्त 'फुफ्फुसात कॅन्सरसारखी दिसणारी गाठ' म्हणाले होते. घाबरून पुढचं मीच ठरवून टाकलं.

पोस्ट वाचून आज शाहूवाडीची आत्या रडत आली, काखेत गावठी कोंबडं. तेवढ्यात सीटी स्कॅन बघून डॉक्टरांचा फोन आला. गाठीत चरबी दिसतेय, बहुतेक साधीच असेल; पण खात्रीसाठी सुईनं तुकडा काढून तपासायला हवा.

"चरबीच हाय की! मग सुई कशाला? रस्सा टाका," बाबा म्हणाले.

आत्यानं डोळे पुसले. "सुई टोचून घेतल्याबिगर कोंबडं कापायचं न्हाय, दादा."

बाबा बराच वेळ कोंबड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "कवा जायचं?"

ही सुई फार दुखते का? कुणाला अनुभव असेल तर खरं सांगा. शुक्रवारी सकाळी मी त्यांना नेणार आहे.